डोक्याला मार लागला, सीटी नॉर्मल आला, पण मान आणि गरगरणं जात नाही. काय करावं? (कबड्डी, सांगली)

हळदबाजार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

मुलगी अकरावीला आहे. कबड्डी खेळते, कव्हरला (बचावफळीत). दिवाळीनंतर एका स्पर्धेत पकड करायला घुसली, तेव्हा चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला आणि ही मागच्या मागे मॅटवर आपटली. शुद्ध हरपली नाही. पण उठून बसल्यावर स्कोअर विचारला, सांगितला, परत तोच विचारला. रात्री उलट्या झाल्या म्हणून एका दवाखान्यात नेऊन सीटी स्कॅन काढला. नॉर्मल आला. "कन्कशन आहे, आराम करू दे, होईल बरं" एवढ्यावर घरी पाठवलं. कन्कशन म्हणजे झटका बसून मेंदूच्या कामात आलेला बिघाड, एवढं नंतर कळलं. आराम म्हणजे काय, किती, पुढे काय, कुणी काही बोललं नाही.

आता महिना उलटून गेलाय. उलट्या, चिडचिड, झोप न लागणं हे सगळं निवळलं. राहिलंय ते असं: डोकं मागून, केस संपतात तिथून दुखायला लागतं आणि उजव्या डोळ्यावर येऊन थांबतं. मान पटकन वळवली की तोल गेल्यासारखं होतं. खोली फिरत नाही, पायाखालचं हलतं म्हणते. वर्गात फळा-वही, फळा-वही केलं की अर्ध्या तासात डोकं धरून बसते. गाडीवर मागे बसली की प्रत्येक गतिरोधकाला "आई, हळू".

सांगलीकरांना पूर नवा नाही, पण सल्ल्यांचा पूर काही ओसरत नाहीये. सासूबाई म्हणतात उशी काढून टाक. दीर म्हणतात गावाकडे हाडवैद्य आहे, एका झटक्यात मान बसवतो. मेडिकलवाल्याने मानेचा पट्टा दिला, तो ती दिवसभर घालून असते. प्रशिक्षक म्हणतात मान कच्ची आहे, ब्रिज (डोकं जमिनीला टेकवून मानेवर अंग तोलायचा कुस्तीतला व्यायाम) मारायला लावा. आणि मी येता-जाता "ताठ बस" म्हणून ओरडते.

आता कुणीतरी फिजिओथेरपी सुचवलीय, तीही मानेची. मार डोक्याला आणि इलाज मानेला, हे मनाला पटत नाही. कुणाला अनुभव आहे का? फेब्रुवारीत निवड चाचणी आहे आणि तिचा सगळा जीव तिकडे आहे.

ऑफस्टंप

ताई, काळजी घ्या. कन्कशनमध्ये पूर्ण आराम लागतो असं ऐकलंय. अंधारी खोली, मोबाइल नाही, टीव्ही नाही, अभ्यास नाही. पूर्ण बरं वाटेपर्यंत.

मिरजेची फिजिओ

@ऑफस्टंप, हा सल्ला आता जुना झाला. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये ॲमस्टरडॅमला खेळातल्या कन्कशनवर जागतिक तज्ज्ञांची परिषद झाली आणि तिचं निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष आराम सांगितलाय. म्हणजे घरातल्या घरात वावर, हलकं चालणं चालेल, स्क्रीन कमी. त्यानंतर हळूहळू हालचाल वाढवायची. महिनाभर अंधारात ठेवलेलं पोर डोक्याने बरं होईल की नाही सांगता येत नाही, मनाने मात्र नक्की खचतं.

@हळदबाजार, मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे, खेळाडू बरेच बघते. आधी एक विचारते, मग बाकीचं. हातापायांत मुंग्या किंवा ताकद कमी वाटते का? एकाचे दोन दिसतात? डोकेदुखी दिवसागणिक वाढतेय? बोलताना जीभ अडखळते, आकडी आली, मानेत एकदम असह्य कळ आली? यातलं एक जरी "हो" असेल तर फिजिओकडे नाही, थेट न्यूरोच्या डॉक्टरांकडे. धाग्यावर उत्तराची वाट बघत बसू नका.

सगळं "नाही" असेल तर पुढे वाचा.

सीटी स्कॅन रक्तस्राव आणि हाड मोडलंय का ते दाखवतो. कन्कशन त्यात दिसत नाही, कारण बिघाड मेंदूच्या कामात असतो, रचनेत नाही. मानेचंही तसंच. हाड शाबूत आहे म्हणजे मान ठीक आहे असं होत नाही. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते ज्या झटक्याने हललं तोच झटका मानेने खाल्ला. पण त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष मेंदूकडे असतं (असायलाच हवं), आणि मानेची आठवण होते ती महिन्याने.

आता तुमच्या "पटत नाही"बद्दल. मानेच्या वरच्या तीन मणक्यांतून निघणाऱ्या नसा आणि कपाळ-डोळ्याची संवेदना नेणारी नस, दोन्ही मेंदूच्या खोडात एकाच केंद्रावर येऊन मिळतात. त्यामुळे दुखणं मानेत असतं आणि मेंदूला ते डोळ्यावर वाटतं. तुम्ही लिहिलेला मार्ग, केसांच्या कडेपासून डोळ्यावर, अगदी पुस्तकातला आहे.

गरगरण्याचंही असंच. कवटीच्या लगेच खाली छोटे छोटे स्नायू आहेत, त्यांत ताण ओळखणाऱ्या संवेदक तंतूंची दाटी असते. डोकं नेमकं कुठे, किती वळलंय, ही खबर ते मेंदूला देत असतात. कानातलं तोलाचं यंत्र आणि डोळेही आपापली खबर देतात. मार बसून मानेची खबर चुकीची यायला लागली की तिघांचं जुळत नाही आणि पायाखालचं हलतं. अर्थात कान आणि डोळ्यांची हालचालही तपासावी लागते, नुसत्या मानेवर खापर फोडून चालत नाही.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

वाचतोय. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आखाडा जुना

आवो फिजिओताई, आमच्या तालमीत मान म्हंजे पैलवानाचं अर्धं आंग. पोरगं तालमीत आलं की वस्ताद आधी मान बगतो. ब्रिज मारायचा, मानंवर आंग फिरवायचं, वर दोन पोरं उभी करायची. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकीत कांस्य आणलं ते काय रबरी पट्ट्या वढून आणलं व्हय? आमच्या जिल्ह्यातलेच कवठेपिरानचे हिंदकेसरी मारुती माने, त्यांची मान बगितलीय का फोटूत? ह्या पोरींच्या माना कच्च्या, म्हणून लागतंय. प्रशिक्षक बरोबर सांगतोय. ब्रिज माराय लावा.

मिरजेची फिजिओ

पैलवान, तुमचं अर्धं अगदी बरोबर आहे. अमेरिकेत ६,७०४ शालेय खेळाडूंच्या मानेची ताकद मोजून मग त्यांचा हंगाम बघितला, तो अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. मानेची ताकद दर एका पौंडाने, म्हणजे साडेचारशे ग्रॅमने जास्त, तशी कन्कशनची शक्यता पाच टक्क्यांनी कमी दिसली. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं असं कुणी म्हणत नाही. पण दिशा तुमच्या वस्तादांचीच.

अडचण वेळेची आहे. ब्रिजमध्ये मान पूर्ण मागे वाकते आणि त्याच स्थितीत सगळा भार वरच्या मणक्यांवर येतो. तुमच्या पोरांनी तो वर्षानुवर्षं मुरवलेला असतो. हिची मान आत्ता सुजलेल्या घोट्यासारखी आहे आणि सुजलेल्या घोट्यावर कुणी दोरीउड्या मारायला लावत नाही. ताकदीचा व्यायाम येणार आहे, पण रांगेत मागे.

आखाडा जुना

हां, मग ठीक. रांगेत मागं का हुईना, यिऊ द्या म्हंजे झालं.

उलटतपासणी

सगळं ऐकायला छान आहे, पण पुरावा काय? कन्कशन बहुतेकांना आपोआप बरं होतं. प्रौढांना दोनेक आठवडे, पोरांना चारेक आठवडे. मग मानेचे व्यायाम करत करत बरं झालं तर श्रेय कुणाचं, व्यायामाचं की कॅलेंडरचं?

मिरजेची फिजिओ

प्रश्न रास्त आहे. यासाठीच तुलनेचा गट ठेवतात. कॅनडात कॅल्गरीला कॅथरिन श्नायडर आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. वय १२ ते ३०, सगळे खेळताना मार लागलेले, डोकेदुखी, मानदुखी, गरगरणं रेंगाळलेले. एका गटाला आराम आणि क्रमाने वाढवलेला व्यायाम. दुसऱ्याला तेच, शिवाय मानेची आणि तोलाची फिजिओथेरपी. आठ आठवड्यांत दुसऱ्या गटातल्या १५ पैकी ११ जणांना डॉक्टरांनी खेळायला मोकळं केलं, पहिल्या गटात १४ पैकी एकाला. कॅलेंडर दोघांचं सारखंच होतं.

कच्चे दुवेही सांगते. माणसं थोडी. मान आणि तोल दोन्हीचे उपचार एकत्र दिले, त्यामुळे नेमकं कशाने गुण आला हे सुटं करता येत नाही. तरी ॲमस्टरडॅमच्या निवेदनात गरगरणं, मानदुखी किंवा डोकेदुखी दहा दिवसांपेक्षा जास्त राहिली तर हीच फिजिओथेरपी सुचवलीय. या ताईंच्या मुलीला महिना झालाय.

उलटतपासणी

१५ पैकी ११ विरुद्ध १४ पैकी १. बरं. एवढा फरक नुसत्या योगायोगाने येणं कठीण आहे, मानतो. मोठी चाचणी बघायला आवडेल तरी.

कान नाक घसा

इथे मधे घुसतो. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर बघताना खोली गर्रकन फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, असं असेल तर मानेचं नाही, आतल्या कानातले कण जागेवरून निसटलेले असू शकतात. डोक्याच्या मारानंतर हे होतं. डिक्स-हॉलपाइक नावाची तपासणी पाच मिनिटांची आहे आणि एप्ली नावाच्या पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण परत पाठवता येतात. ताईंनी "खोली फिरत नाही" असं लिहिलंय, त्यामुळे शक्यता कमी. तरी एकदा बघून घ्यावं. आणि चक्कर आली की मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून महिनोन्महिने खाणं बंद करा लोकहो. त्या गोळ्यांनी मेंदूचं जुळवून घेण्याचं काम लांबतं.

डोकेदुखीच्या गोळ्याही तशाच. महिन्यातले पंधरा-पंधरा दिवस घेतल्या तर त्यांचीच डोकेदुखी सुरू होते.

विश्रामबागचा वाटसरू

हाडवैद्याचं काय ठरलं मग? आमच्या चुलत्यांची मान एका फटक्यात मोकळी झाली होती. आणि दाढी झाल्यावर न्हावी मान कडाकडा मोडतो ते तर फुकटात.

मिरजेची फिजिओ

नको. न्हावी नको, हाडवैद्य नको, डोक्याला मार लागल्यावर तर मुळीच नको. मानेच्या मणक्यांतल्या भोकांमधून मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन रक्तवाहिन्या जातात. झटका चुकीचा बसला तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाऊ शकते. विरळा होतं, पण झालं तर पक्षाघातापर्यंत जातं. मार लागलेल्या मानेत ती चीर आधीच असेल तर? चुलते नशीबवान.

ऑफस्टंप

फिल ह्यूजला हेच झालं होतं ना? २५ नोव्हेंबर २०१४, सिडनी. बाउन्सर हेल्मेटच्या खाली मानेला लागला, तीच रक्तवाहिनी फाटली, दोन दिवसांनी गेला. त्यानंतर हेल्मेटला मागे मानेचं संरक्षण लावायला लागले.

आणि २०१९ची लॉर्ड्सची कसोटी आठवते का कुणाला? जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला, डाव्या कानाखाली लागला. बाहेर गेला, तपासणी झाली, परत येऊन ९२पर्यंत खेळला. त्रास दुसऱ्या दिवशी सुरू झाला. मग लाबुशेन बदली आला, कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू. तो नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. सांगायचं एवढंच, की जागच्या जागी "ठीक आहे" म्हणणाऱ्या खेळाडूवर विश्वास ठेवायचा नाही. जगातले उत्तम डॉक्टर बाजूला असताना असं होतं, तर तालुक्याच्या मैदानावर काय.

पीटीचे सर

तालुक्याच्या मैदानावर काय ते मी सांगतो. तोंडावर पाणी मारतात, कांदा हुंगवतात, कुणीतरी "किती बोटं?" विचारतं, पोरगं "तीन" म्हणतं आणि टाळ्यांच्या गजरात परत आत. हे सगळं डोळ्यांदेखत बघितलंय, जिल्हा पातळीवरसुद्धा. नियम खरं तर एका ओळीचा आहे: शंका आली की बाहेर, आणि त्या दिवशी परत आत नाही. बेशुद्ध व्हायलाच पाहिजे असं नाही. मान दुखते म्हणाला तर जागेवरून हलवायचंही नाही, डोकं धरून ठेवायचं आणि १०८ला फोन.

स्पर्धेच्या व्यासपीठावर पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला निधी असतो, मॅटशेजारी एक फिजिओ बसवायला नसतो. असो, अवांतर झालं.

ताई, निवड चाचणीबद्दल. परतायच्या पायऱ्या सहा आहेत. आधी रोजचे व्यवहार, मग दमसासाचा हलका आणि मध्यम व्यायाम, मग एकटीने खेळातल्या हालचाली, मग धक्का न लागणारा सराव, मग डॉक्टरांच्या परवानगीने पूर्ण सराव, मग सामना. एका पायरीला कमीत कमी २४ तास. आणि शाळा-कॉलेज आधी, मॅट नंतर. जी मुलगी फळ्याकडे अर्धा तास बघू शकत नाही ती चढाई बघू शकणार नाही.

हळदबाजार

सगळ्यांचे आभार. फिजिओताईंच्या प्रश्नांची उत्तरं सगळी "नाही" आहेत, न्यूरोच्या डॉक्टरांना पण दाखवून घेतलं. "ताठ बस"बद्दल कुणीच काही बोललं नाही. ती अभ्यासाला बसते ते मान पुढे काढून, पाठीला पोक. ते सुधारलं तर फरक पडेल का?

मिरजेची फिजिओ

ओरडणं थांबवलंत तर फरक पडेल, हे खात्रीने सांगते.

चेष्टा बाजूला. एकच अशी "योग्य बैठक" आहे आणि ती मोडली म्हणून मान दुखते, याला भक्कम आधार नाही. पोक काढून बसणारी लाखो माणसं न दुखता जगतात. पण मार लागलेल्या मानेचं गणित थोडं वेगळं. खोलवरचे स्नायू आळसावलेले असतात, त्यांचं काम वरचे जाडे स्नायू करतात आणि ते लवकर दमतात. अशा वेळी हनुवटी पुढे काढून तासभर मोबाइल बघितला की कवटीखालचे सांधे दाबले जातात आणि डोकं चढतं. उलट "ताठ बस" ऐकून पोरगी छाती फुगवून खांदे मागे ओढते, म्हणजे तेच दमलेले स्नायू आणखी कामाला लावते. दोन्हीकडून मार.

त्यापेक्षा: वही उतरत्या पाटावर किंवा दोन जाड पुस्तकांवर, मोबाइल डोळ्यांसमोर, वीस-पंचवीस मिनिटांनी जागा बदलायची. बदल महत्त्वाचा, आकार नाही. शिवाय पाठीचा वरचा भाग सैल करून घ्यायचा. तो आखडलेला असेल तर वळायचं सगळं काम बिचाऱ्या मानेवर येतं. उशी राहू द्या, खांदा आणि कान यांमधली जागा भरेल एवढी. पट्टा काढायला सुरुवात करा. हाड मोडलेलं नसताना पट्टा जितका जास्त दिवस तितके आतले स्नायू सुस्त.

पोहे_विदाउट_शेंगदाणे

आत्ता हे वाचताना सरळ झालो आणि मग परत सैल झालो. नेमकं काय करायचं कळेना.

मिरजेची फिजिओ

उठा आणि पोहे करा.

हळदबाजार

धागा वर काढते. बरेच दिवसांनी लिहितेय.

सांगलीत एका फिजिओकडे जातोय आम्ही. पहिल्या दिवशी जे बघितलं ते सांगते, कारण त्यानंतरच मला पटलं. मुलीला भिंतीपासून ९० सेंटीमीटरवर खुर्चीत बसवलं. डोक्याला पट्टी, पट्टीवर लेझरचा दिवा. समोरच्या कागदावर गोल गोल रिंगणं, लाल ठिपका बरोबर मध्यावर. मग डोळे मिटायचे, मान उजवीकडे वळवायची आणि मध्यावर परत आणायची. ती म्हणाली, "आले." डोळे मिटलेलेच होते, चेहऱ्यावर पूर्ण खात्री. लाल ठिपका मध्यापासून चांगला चार बोटं बाजूला, जवळजवळ कागदाच्या कडेला. डोळे उघडून तिने बघितलं आणि म्हणाली, "हे हललं का कुणी?" डावीकडून मात्र बऱ्यापैकी जवळ येत होती. सात सेंटीमीटरच्या आसपास किंवा जास्त चुकलं तर मानेची जाण बिघडलीय असं धरतात म्हणे.

दुसरं, उताणं झोपवून मानेखाली हवेची छोटी पिशवी, तिला काटा जोडलेला. वीसवर काटा ठेवून हलकेच "हो" म्हटल्यासारखी मान हलवायची आणि काटा बावीसवर दहा सेकंद धरायचा. मग चोवीस, असं तीसपर्यंत. ऐकायला पोरखेळ. ही चोवीसलाच थरथरायला लागली आणि गळ्याच्या पुढच्या दोन दोऱ्या टरारून वर आल्या. फिजिओ म्हणाले, त्या दोऱ्या वर आल्या म्हणजे चोरी. बैठका मारणारी पोरगी दोन टप्प्यांत घामाघूम!

आता रोजचं असं. भिंतीवर चिकटवलेल्या अक्षरावर नजर ठेवून मान "नाही नाही" हलवायची, अक्षर धूसर व्हायच्या आत थांबायचं. लेझरने कागदावरची वळणं गिरवायची (हे तिला आवडतं, भावाशी पैज लावते). "हो"चा व्यायाम. खांद्याच्या फऱ्यांचे व्यायाम. आणि संध्याकाळी आमराईत चालणं, नाडी मोजून. पट्टा कपाटात आहे. दीर अजून हाडवैद्याचं नाव काढतात.

एक शंका. भरभर चाललं की डोकं थोडं दुखतंच. थांबायचं की चालू ठेवायचं?

मिरजेची फिजिओ

वा, छान चाललंय. चालण्याचं असं. निघताना त्रासाला दहापैकी आकडा द्यायला सांगा. चालताना तो दोनपर्यंत वाढला आणि तासाभरात खाली आला तर चालू ठेवा. त्यापुढे गेला तर त्या दिवशी बस, दुसऱ्या दिवशी वेग कमी. नाडीचा ढोबळ हिशेब २२० वजा वय. सोळा वर्षांची असेल तर २०४. त्याच्या ५५ टक्के, म्हणजे ११२च्या आसपास, हलका टप्पा. ७० टक्के, १४३च्या आसपास, मध्यम. हा कच्चा आडाखा आहे, तिचा खरा आकडा फिजिओ ट्रेडमिलवर काढू शकतात.

पुढे मानेची ताकद येईल. तळहात कपाळाला लावून ढकलायचं पण मान हलू द्यायची नाही, मग मागे, मग दोन्ही बाजूंना. सुरुवातीला निम्म्याहून कमी जोर. नंतर रबरी पट्टी. आणि सगळ्यात शेवटी, जे बहुतेक ठिकाणी राहूनच जातं, ते म्हणजे न सांगता दिलेला हलका धक्का. मॅटवर कुणी "आता लागणार हां" असं सांगून गुडघा मारत नाही. मानेला आयत्या वेळी आवळायला शिकवावं लागतं. त्यानंतर पडायचा सराव, हनुवटी छातीला लावून. पैलवान, इथे तुमची मदत लागेल, पडायचं कसं हे तालमीइतकं छान कुठेच शिकवत नाहीत.

आखाडा जुना

पाठवा पोरीला. मातीत पडाय शिकवतो, मॅटवर काय बी व्हणार न्हाई. ब्रिजचं नाव बी काढणार न्हाई.

(सध्या तरी.)

भावी_रेडर

डोक्याला कुस्तीवाल्यांसारखं मऊ हेडगार्ड घालून कबड्डी खेळली तर? माझं पण एकदा असं झालंय, आई खेळू देत नाही.

कान नाक घसा

कुस्तीतलं ते कान वाचवायला असतं. मऊ आवरण खरचटणं, फुटणं कमी करतं, पण कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच. उलट घातल्यावर माणूस जास्त बिनधास्त घुसतो. आईशी भांडू नको, तिला घेऊन डॉक्टरांकडे जा.

पीटीचे सर

@हळदबाजार, चाचणीचं काय झालं?

हळदबाजार

चाचणी हुकली. तेव्हा ती एकटीच्या हालचालींच्या पायरीवर होती, फिजिओंनी सही दिली नाही. घरात अबोला, दार आपटणं, सगळं झालं. प्रशिक्षकांना सरांच्या सहा पायऱ्या वाचून दाखवल्या, ते आधी हसले, मग त्यांनीच विचारलं की हे छापून लावता येईल का. संघातली आणखी एक मुलगी पडल्यापासून मान अवघडून खेळत होती, ती त्यांनी स्वतःहून बाहेर बसवली.

आता धक्क्याशिवायचा सराव सुरू आहे. लेझरचा ठिपका दोन्ही बाजूंनी आतल्या रिंगणात येतो. "हो"चा काटा अठ्ठावीसपर्यंत धरते. वर्गात पूर्ण तास बसते. उजवीकडे पटकन वळताना अजून क्वचित दचकते, त्यावर काम चाललंय. पूर्ण सरावाला न्यूरोच्या डॉक्टरांची परवानगी घ्यायचीय.

फिजिओताई, एक व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघाल का? त्या दुसऱ्या मुलीची आई विचारतेय, हेच व्यायाम तिने घरी सुरू केले तर चालतील का.

मिरजेची फिजिओ

व्यनि बघितला. नाही, चालणार नाहीत. तिची मान कुणी तपासलेली नाही, अवघडलीय कशाने ते माहीत नाही. आधी डॉक्टर, मग फिजिओ. तिच्या आईला सांगा, तपासणी होईपर्यंत तेल चोळणंही थांबवा, आणि हातात मुंग्या येतात का ते आजच विचारा.